नोंद हरवूं नये म्हणून



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकाच्या नोंदवह्या आणि त्या हरवूं नयेत म्हणून घ्यावयाची खबरदारी हा विषय यंत्रशाळेंतला. तो घरीं बसून ऐकणाऱ्या गृहस्थास आणि गृहिणीस कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरचा पैसा बँकेच्या संगणकांत, रोग्याचे कागद रुग्णालयाच्या संगणकांत आणि मुलांचे गुण शाळेच्या संगणकांत राहतात, त्या घरानें ‘माझ्या नांवापुढें कोणीं, केव्हां आणि काय लिहिलें’ हा प्रश्न परका मानणें परवडणारें नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या वहींत असतें, त्या वहीची ही हकीकत आहे.

मी संगणकशास्त्री नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उमेदीचीं सारीं वर्षें शाळेंत हजेरीपट व आवक-जावक बारनिशी लिहिण्यांत गेलेलीं. निवृत्तीनंतर एका लहानशा पतसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर मला घेण्यांत आलें. तेथील संगणकांची देखरेख माझाच एक जुना विद्यार्थी करतो. त्यानें हा विषय मला पायरीपायरीनें समजावून दिला आणि पुढें मी तो वाचूनहि काढला. शिकतांना एक गोष्ट मनांत ठसली ती अशी, कीं वही शाईची असो कीं विजेची असो, तिचा धर्म एकच आहे: जें घडलें तें वेळच्या वेळीं लिहिलें जावें, आणि लिहिलेलें पान हातचें जाऊं नये.

प्रत्येक संगणक आपली एक रोजनिशी ठेवीत असतो. अमुक मनुष्य अमुक वेळीं आंत आला. त्यानें परवलीचा शब्द तीनदां चुकविला. अमुक खात्यांतील रक्कम वळती झाली. डिस्क भरत आली. अशी एकेक ओळ तो क्षणोक्षणीं लिहीत राहतो. या वहीला तंत्रज्ञ ‘लॉग’ म्हणतात. शब्द आला आहे जहाजावरून. जुन्या काळीं जहाजाचा वेग मोजण्यासाठीं दोरीला बांधलेला लांकडाचा तुकडा पाण्यांत सोडीत. त्या लांकडाचें नांव लॉग, आणि त्याचीं मापें ज्या वहींत लिहीत ती लॉगबुक. जहाज बुडालें तरी वही वांचवावी, असें खलाशांना वाटे, तें उगीच नव्हे.

आतां, एखाद्या संस्थेंत असे पन्नास संगणक असले म्हणजे पन्नास ठिकाणीं पन्नास वह्या होतात. म्हणून त्या सर्वांच्या नोंदी एका निराळ्या संगणकाकडे पाठविण्याची रीत पडली आहे. त्याला मध्यवर्ती नोंद-सर्व्हर म्हणतात. आपण त्याला ‘सदर कचेरी’ म्हणूं. या रीतीचीं कारणें दोन. पहिलें सोयीचें: पन्नास वह्या चाळण्यापेक्षां एक चाळणें सोपें. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. चोर घरांत शिरला आणि घरची वही त्याच्या हातीं लागली, तर आपल्या येण्याजाण्याचें पान तो प्रथम फाडतो. वही जर दुसऱ्या घरीं, त्याच्या हाताबाहेर असेल, तर मात्र तें पान शाबूत राहतें.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टॉल नांवाच्या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक-वापराच्या हिशेबांतील पाऊण डॉलरची, म्हणजे ७५ सेंटांची तफावत शोधण्याचें काम आलें. तफावत क्षुल्लक होती. परंतु ती धरून मागें जातां जातां एक परका मनुष्य संगणकांत वावरत असल्याचें उघडकीस आलें, आणि संगणकावर त्यानें सर्वाधिकार मिळविले होते. आंतील वहीवर विश्वास टाकण्याची सोय उरली नव्हती. तेव्हां स्टॉलनें बाहेरून येणाऱ्या तारांना सुमारें पन्नास टर्मिनलें आणि छापयंत्रें जोडलीं. परका मनुष्य जें जें टंकित करी, तें तें कागदावर उमटूं लागलें. हे कागद संगणकाच्या बाहेर होते. त्यामुळें ते त्याला दिसतहि नव्हते आणि पुसतांहि येत नव्हते. अखेर माग पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोंचला. आजच्या मध्यवर्ती नोंद-सर्व्हरचें मर्म त्या कागदांच्या भेंडोळ्यांत आहे.

परंतु वही दूर ठेवली कीं एक नवी अडचण उभी राहते. नोंद जेथें घडते आणि जेथें साठते, या दोहोंमध्यें आतां रस्ता आला. आणि रस्ता आला म्हणजे वाटेंत हरवण्याचा संभव आला. ती हरवते कोठें हें नीट पाहिलें म्हणजे उपाय आपोआप सुचतात. मी चार ठिकाणें सांगतों: लिहिणाऱ्याचें मेज, टपालाची वाट, सदर कचेरीची देवडी, आणि कचेरींतलें दप्तर.

पहिलें ठिकाण लिहिणाऱ्याचें मेज. एखादा बिघडलेला कार्यक्रम सेकंदाला हजारों ओळी ओकूं लागला, तर त्या गर्दींत इतरांच्या ओळी दबून जाऊं नयेत म्हणून संगणकानें एक शिस्त ठेवलेली असते. लिनक्स या प्रणालींत ‘जर्नल’ नांवाचा जो नोंद-लेखक असतो, त्याचा मूळचा नियम असा, कीं एका सेवेच्या तीस सेकंदांत सामान्यतः १०,००० पर्यंतच ओळी घ्यावयाच्या. पुढच्या सोडून द्यावयाच्या. त्या सोडल्या हें तो प्रामाणिकपणें लिहून ठेवतो, पण सुटलेल्या ओळींत काय होतें तें कायमचें गेलें. म्हणून व्यवस्थापकानें ही मर्यादा आपल्या कामाच्या मानानें विचारपूर्वक ठरवावी. दुसरी गोष्ट अशी, कीं हाच लेखक आपली वही डिस्कवर ठेवतो कीं केवळ स्मरणांत, तेंहि पाहावें. डिस्कवर त्याच्यासाठीं नेमलेला कप्पा नसेल तर कित्येक ठिकाणीं ती वही स्मरणांतच राहते, आणि यंत्र बंद करून सुरू केलें कीं पाटी कोरी होते. फळ्यावर लिहिलेलें आणि वहींत उतरून घेतलेलें यांतला फरक शाळेंतल्या लहान मुलालाहि कळतो, तोच हा.

दुसरें ठिकाण टपालाची वाट. येथें थोडा इतिहास सांगितला पाहिजे. नोंदी दुसरीकडे पाठविण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे तिचें नांव ‘सिसलॉग’. १९८० नंतरच्या दशकांत बर्कली येथेंच एरिक ऑलमन या गृहस्थानें आपल्या ‘सेंडमेल’ नांवाच्या टपाल-कार्यक्रमासाठीं ती रचली. ती इतकी सोयीची ठरली कीं सगळ्यांनीं उचलली, आणि तिचें लेखी वर्णन मागाहून २००१ सालीं झालें. ही मूळची पद्धत ‘यूडीपी’ नांवाच्या मार्गानें नोंदी पाठवी, आणि आजहि अनेक ठिकाणीं पाठविते. यूडीपी म्हणजे साधें पोस्टकार्ड. पेटींत टाकलें कीं आपलें काम संपलें. पोंचलें कीं नाहीं याचा निरोप येत नाहीं. रस्त्यांत गर्दी झाली तर कार्ड गळतें, आणि तें टाकणारा निश्चिंत असतो. जुन्या वर्णनाप्रमाणें एका कार्डावर १०२४ बाइटांपेक्षां अधिक मजकूर मावत नसे; लांब नोंदीचें शेंपूट त्यामुळें कापलें जाई, आणि पुष्कळदां मुद्दा शेंपटांतच असतो.

एक उणीव तर शाळामास्तरला विशेष खटकण्याजोगी आहे. त्या जुन्या तऱ्हेंत नोंदीवर महिना, दिवस आणि वेळ असे, पण साल नसे, आणि वेळ कोणत्या देशाची तेंहि नसे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मदिवस लिहावा आणि साल गाळावें, तसा हा प्रकार! २००९ सालच्या नव्या नियमावलींत पूर्ण तारीख आणि वेळेचा विभाग लिहिण्याची सोय झाली. ज्या नोंदीची वेळ संशयित, ती नोंद हातीं असूनहि अर्धी हरवलेलीच समजावी. म्हणून नवी तऱ्हाच वापरावी आणि सर्व यंत्रांचीं घड्याळें एका प्रमाण घड्याळाशीं जुळवून ठेवावीं.

पोस्टकार्डापेक्षां बरा मार्ग ‘टीसीपी’ हा. यांत पोंच मिळते, हरवलेला तुकडा पुन्हां पाठविला जातो, म्हणून पुष्कळांना वाटतें कीं आतां चिंता मिटली. पण येथें एक बारीक खोंच आहे. ही पोंच मिळते ती पलीकडच्या यंत्राच्या देवडीवरच्या शिपायाकडून. आंतल्या कारकुनाकडून नव्हे. शिपायानें पत्र घेतलें, सही दिली आणि तेवढ्यांत कचेरीला आग लागली, तर पत्र गेलें. पाठविणाऱ्याच्या हातीं मात्र पोंच आहे. शिवाय पाठविणाऱ्या बाजूसहि कार्यक्रम आपली ओळ यंत्राच्या पाठवणीच्या पेटींत टाकतो आणि ‘गेली’ असें समजतो. दुवा नेमका त्या वेळीं तुटला तर पेटींतल्या ओळी कोणाच्याच हिशेबांत राहत नाहींत.

यावर राइनर गेरहार्ड्स या जर्मन गृहस्थांनीं उपाय काढला. २००४ पासून चालत आलेला ‘आरसिसलॉग’ हा नोंद-कार्यक्रम त्यांचाच. त्यांनीं ‘रेल्प’ नांवाची निराळी रीत बसविली. हींत प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, आणि पोंच देतो तो प्रत्यक्ष नोंद घेणारा कार्यक्रम. पोंच येईपर्यंत पाठविणारा आपली प्रत फेंकीत नाहीं; दुवा तुटून पुन्हां जुळला कीं पोंच न आलेल्या ओळी पुन्हां पाठवितो. आपल्याकडे रजिस्टर पत्राला पोंचपावतीचें कार्ड जोडीत असत, तें आपणांस आठवत असेल. रजिस्टर टपालाची ती स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टांत विलीन झाली. पण घेणाऱ्याच्या स्वतःच्या सहीचें कार्ड परत येई, त्यांत जो भरंवसा होता, तोच येथें आहे. या रीतीनें क्वचित् एकच नोंद दोनदां येते, कारण पोंच वाटेंत हरवली तर पाठविणारा तीच ओळ पुन्हां धाडतो. दोनदां आलेली नोंद एकदां खोडतां येते. न आलेली नोंद कोणाच्यानेंहि निर्माण करवत नाहीं. म्हणून द्विरुक्तीचा दोष पत्करावा, लोपाचा पत्करूं नये.

तिसरें ठिकाण सदर कचेरीची देवडी. पन्नास यंत्रें एकदम बोलूं लागलीं म्हणजे येणाऱ्या ओळी प्रथम एका लहानशा ओट्यावर उतरतात. लिनक्सवर यूडीपीसाठीं हा ओटा बहुधा २,१२,९९२ बाइटांचा असतो. कारकून मंदावला कीं ओटा भरतो, आणि पुढें येणारीं कार्डें जमिनीवर पडतात. ओटा मोठा करतां येतो, तो करावा. पण अधिक मोलाची गोष्ट ही, कीं किती कार्डें पडलीं याचा आंकडा यंत्र स्वतः मोजून ठेवतें. तो आंकडा रोज पाहणारा मनुष्य शंभरांत एखादाच असतो, असें माझा विद्यार्थी म्हणतो.

देवडीच बंद पडली तर? सर्व्हर दुरुस्तीसाठीं थांबविला, वीज गेली, तार तुटली, तर पाठविणाऱ्या यंत्रांनीं काय करावें? येथें सर्वांत उपयोगी साधन म्हणजे रांग. प्रत्येक यंत्रानें न गेलेल्या नोंदी आपल्याजवळ रांगेंत ठेवाव्या, आणि ती रांग स्मरणांत न मावली तर डिस्कवर उतरावी. यंत्र बंद होतांना स्मरणांतली रांगहि डिस्कवर लिहून ठेवण्याची आज्ञा देतां येते. ती अवश्य द्यावी. आरसिसलॉगमध्यें ‘पुन्हां प्रयत्न किती वेळां’ या रकान्यांत उणे एक हा आंकडा लिहिला म्हणजे तो कधींहि कंटाळत नाहीं; पलीकडची देवडी उघडेपर्यंत प्रयत्न करीतच राहतो. हा रकाना कोरा सोडून चालत नाहीं, कारण न सांगितल्यास तो लौकरच हात टेकतो.

रांगेला जागा किती लागेल याचें गणित मांडूं. तें तिसरींतल्या गुणाकारांत बसतें. समजा, एक यंत्र सेकंदाला २० ओळी लिहितें आणि ओळ ३०० बाइटांची आहे. सेकंदाला ६,००० बाइट झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला ५१ कोटी ८४ लक्ष बाइट. शनिवार-रविवारला जोडून एक सुटी आली आणि तीन दिवस कोणी फिरकलें नाहीं, तर दीड गिगाबाइटाहून थोडें अधिक. दुप्पट धरून तीन गिगाबाइट जागा प्रत्येक यंत्रावर राखून ठेवली, कीं तीन दिवसांच्या बंदीला भ्यावयाचें कारण नाहीं. आजच्या भावानें ही जागा एका चहाच्या किंमतीहून फारशी महाग पडत नाहीं.

आतां चौथें ठिकाण, दप्तर. हेंच गणित पुढें नेलें, तर पन्नास यंत्रांच्या नोंदी दिवसाला सुमारें २६ गिगाबाइट आणि १८० दिवसांना सुमारें ४.७ टेराबाइट होतात. हा १८० चा आंकडा मी हवेंतून घेतलेला नाहीं. सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षा संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांत कंपन्या, सरकारी कचेऱ्या, सेवा पुरविणाऱ्या संस्था आदींनीं आपल्या सर्व संगणक-प्रणालींच्या नोंदी सतत १८० दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवाव्या, असें सांगितलें आहे. आणि घड्याळें राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशीं जुळवावीं, असेंहि त्यांत आहे. ज्यानें जागेचें गणित आधीं केलें नाहीं, त्याचें दप्तर चौथ्या महिन्यांत भरतें. आणि भरलेलें दप्तर नवी नोंद नाकारतें, किंवा जुनी पुसून नवीला जागा देतें. दोन्हीं वाईट. म्हणून डिस्क पाऊणशें टक्के नव्हे, तर शंभरांतील सत्तर भाग भरली कीं इशारा मिळावा, आणि दप्तराची डिस्क इतर कामांपासून निराळी असावी.

दप्तरांतील दुसरी गळती वही बदलतांना होते. रोज रात्रीं जुनी वही बांधून नवी उघडण्याचा प्रघात आहे. त्यांत एक सोपी रीत अशी, कीं जुन्या वहीची नक्कल काढावी आणि मूळ वही पुसून तीच पुन्हां वापरावी. नक्कल संपणें आणि पुसणें यांमध्यें जो निमिष जातो, त्यांत लिहिलेल्या ओळी ना नकलेंत सांपडतात ना मूळ वहींत. हें काम करणाऱ्या साधनाच्या माहितीपत्रकांतच ही सूचना दिलेली आहे, वाचतो कोण? शक्य तेथें वहीचें नांव बदलून नवी वही उघडण्याचीच रीत ठेवावी. आणि एवढें झाल्यावर, सदर कचेरी एकच असूं नये. दोन ठिकाणीं, दोन निराळ्या इमारतींत नोंदी जाव्या. आपल्या इतिहास-संशोधकांनीं वाण्याच्या दुकानांतून आणि माळ्यावरच्या गाठोड्यांतून मराठ्यांचे कागद गोळा केले. दुसरी प्रत कोठें असती तर त्यांचे किती श्रम वांचले असते!

श्रोतेहो, आतांपर्यंत सांगितलेली गळती दिसणारी होती. सर्वांत भयंकर गळती ती, जी कोणाला कळतच नाहीं. २ सप्टेंबर २०२४ पासून १९ सप्टेंबरपर्यंत मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीच्या कांहीं सेवांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या, असें तिनें स्वतः ग्राहकांना कळविलें. कोणी शत्रूनें हें केलें नव्हतें. नोंदी गोळा करून पुढें धाडणाऱ्या तिच्याच एका अंतर्गत कार्यक्रमांत दुरुस्ती करतांना नवा दोष शिरला. तो कार्यक्रम नोंदी घेत होता, आपल्या पेटींत ठेवीतहि होता. फक्त पुढें पाठविणारा हात अडकून पडला होता. पेटी भरली तेव्हां नियमाप्रमाणें त्यानें सर्वांत जुनीं पानें पुसून नव्यांना जागा दिली. जेथें यंत्र वेळींच पुन्हां सुरू झालें, तेथें पेटींतलें सारें सुखरूप पोंचलें. जेथें उशीर झाला, तेथें गेलें तें गेलें. ज्या संस्था चोरावर नजर ठेवण्यासाठीं या नोंदींवर विसंबून होत्या, त्यांची दृष्टि तेवढे दिवस अंधुक झाली.

यापासून घ्यावयाचा धडा असा: कार्यक्रम चालू आहे यावरून काम चालू आहे असें समजूं नये. जुन्या सिसलॉगमध्यें एक साधी, सुंदर सोय होती. कांहीं घडलें नाहीं तरी दर वीस मिनिटांनीं तो ‘मार्क’ एवढा एकच शब्द लिही. रात्रीं गस्तवाला पुकारा करतो तो चोर सांपडला म्हणून नव्हे. मी जागा आहें, हें कळावें म्हणून. तो पुकारा थांबला कीं गृहस्थाला जाग यावी. तसें प्रत्येक यंत्रानें ठराविक वेळानें सदर कचेरीला ‘मी आहें’ असें कळवावें, आणि तो निरोप चुकला कीं मनुष्याच्या हातांतील फोन वाजावा. त्याशिवाय पाठविलेल्या व मिळालेल्या ओळींची बेरीज रोज ताडून पाहावी. हजेरीपटाच्या तळाशीं आडवी आणि उभी बेरीज जुळवितात, तीच युक्ति.

आतां एक प्रश्न असा, कीं ज्यावर जाणत्यांतहि मतभेद आहे. रांग भरली, डिस्क भरली, देवडी अजून बंदच आहे. अशा वेळीं काम थांबवावें कीं नोंद सोडावी? कांहीं रचनांत नोंद घेतां आली नाहीं तर मूळ कार्यक्रमच अडून बसतो, आणि नोंदवहीसाठीं सारी कचेरी ठप्प होते. माझ्या मतें याचें उत्तर कामाच्या स्वरूपावर आहे. पैशाचा व्यवहार नोंदीवांचून होऊं नये. तो थांबला तर ग्राहक तासभर खोळंबेल, पण बेनोंद व्यवहार जन्मभर छळील. उलट अतिदक्षता विभागांतील यंत्र वही भरली म्हणून थांबणें हा अनर्थ होय. तेथें रोगी आधीं, वही मागून. आणि दोहोंच्या मधल्या कामांसाठीं तडजोड आहे. सिसलॉगच्या नोंदींना शून्यापासून सातपर्यंत आठ प्रती आहेत: शून्य म्हणजे आणीबाणी, सात म्हणजे कारागिराच्या तपासणीची बडबड. टाकणें भागच पडलें, तर सातव्या प्रतीपासून टाकावें, आणि किती टाकलें तें लिहून ठेवावें. जहाज वादळांत सांपडलें म्हणजे आधीं काय फेंकावयाचें हें वादळापूर्वीं ठरलेलें असावें.

या सर्व खटाटोपाचें मोल काय, तें आमच्या पतसंस्थेंतील एका प्रसंगावरून मला कळलें. एका शाखेंतील खात्यामधून चाळीस हजार रुपये दुसऱ्या खात्यांत गेल्याची तक्रार आली. त्या वेळीं मेजावर एक तरुण कारकून बाई होत्या. मध्यवर्ती वही उघडली, तों नेमकीं त्या दुपारचीं बावीस मिनिटें कोरीं! मंडळांतील दोघांतिघांनीं लगेच निष्कर्ष काढला: वही कोरी आहे, अर्थीं कोणी तरी पुसली आहे, आणि पुसणार तरी दुसरें कोण? बाई विधवा, दोन मुलांची आई. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. माझा विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, उद्यां सकाळपर्यंत कोणाला कांहीं बोलूं देऊं नका.” त्या दुपारीं शाखेची तार तुटली होती, आणि संध्याकाळीं तेथील यंत्रहि एकदां बंद करून सुरू केलें होतें. परंतु न गेलेल्या नोंदींची रांग त्यानें डिस्कवर ठेवविलेली होती. रात्रीं तार जुळली, आणि सकाळीं तीं बावीस मिनिटें ओळीनें आपापल्या जागीं येऊन बसलीं. खातेदारानेंच दोन वर्षांपूर्वीं दिलेल्या एका स्थायी सूचनेप्रमाणें ती रक्कम यंत्रानें आपोआप वळती केली होती. बाईंचा हात त्यांत कोठेंहि नव्हता. ती रांग केवळ स्मरणांत असती, तर संध्याकाळींच पुसली गेली असती, आणि एका निरपराध बाईच्या नांवावर तो डाग जन्मभर राहिला असता. वही चोराला पकडते हें सर्वांस ठाऊक आहे. पण ती सज्जनाला सोडविते, हें तिचें मोठें काम आहे.

म्हणूनच नोंद ठेवतांना विवेकहि हवा. परवलीचे शब्द, रोग्याचें गुह्य, कोणाच्या खाजगी पत्रांतील मजकूर हें नोंदींत उतरूं नये. जें लिहावयाचें तें जपावें. जें जपतां येणार नाहीं किंवा जपण्याचा आपणांस अधिकार नाहीं, तें लिहूंच नये. वाटेंत नोंदी कोणी वाचूं नयेत म्हणून त्या सांकेतिक लिपींत पाठविण्याची सोयहि आतां सर्वत्र आहे, ती वापरावी.

शेवटची गोष्ट परीक्षेची. परीक्षेवांचून अभ्यास झाला कीं नाहीं तें कळत नाहीं, हें मी मुलांना सांगत आलों. यंत्रांनाहि तोच न्याय. सहा महिन्यांतून एकदां, काम कमी असेल त्या दिवशीं, सर्व्हरची तार मुद्दाम काढावी. एका यंत्रावरून एक ते दहा हजार असे क्रमांक घातलेल्या ओळी पाठवाव्या. मध्येंच सर्व्हर आणि यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. मग तार जोडून पलीकडे मोजावें. दहा हजार भरले तर व्यवस्था खरी. नऊ हजार नऊशें नव्याण्णव भरले, तर हरवलेला एक कोठें गेला हें सांपडेपर्यंत स्वस्थ बसूं नये.

आपल्यापैकीं कोणी गृहनिर्माण संस्थेच्या, कोणी शाळेच्या, कोणी बँकेच्या वा रुग्णालयाच्या मंडळावर असाल. तंत्र कळत नसलें तरी तेथें तीन प्रश्न आपणांस विचारतां येतील. तार तुटली तर किती दिवसांच्या नोंदी प्रत्येक यंत्रावर मावतात? वही लिहिणें मुकाट्यानें बंद पडलें, तर कोणाला आणि किती मिनिटांत कळतें? आणि अशी तार मुद्दाम काढून शेवटची परीक्षा कोणत्या तारखेस घेतली? तिसऱ्या प्रश्नाला तारखेनिशीं उत्तर मिळालें, तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें बहुधा ठीकच असतील. उत्तरादाखल नुसतें हसणें मिळालें, तर त्या सभेच्या इतिवृत्तांत आपला प्रश्न लिहून घ्यावयास सांगा, आणि पुढील सभेंत तें पान उघडून पाहा.